अब्बांची राजदूत

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या त्या रात्री माझ्या मुलाने दस्तरखानावर एक छापील कागद आणून ठेवला. नव्या मोटारसायकलचं कोटेशन होतं. सुरुवातीला एवढे भरायचे, मग दरमहा एवढा हप्ता, एकूण छत्तीस महिने. "अम्मी, फेब्रुवारीत मला अठरा पूर्ण होतात," तो म्हणाला. त्याचे अब्बू काही बोलले नाहीत. मी पेन घेऊन छत्तीस हप्त्यांची बेरीज केली, त्यातून गाडीची किंमत वजा केली आणि उरलेल्या आकड्याभोवती गोल काढला. हा आकडा कसला, हे विचारायची गरज नव्हती. सूद कशाला म्हणतात हे आमच्या घरात लहानपणापासून कानावर पडलेलं असतं.

पण नुसतं नाही म्हणून विषय संपत नव्हता. अकरावी सायन्सला त्याचं एक वर्ष वाया गेलं होतं, आणि तेव्हापासून घरातलं कुठलंही बोलणं फिरून फिरून तिथेच येऊन थांबे. मी शाळेत दुसऱ्यांच्या मुलांना धीर देते. स्वतःच्या मुलाशी मात्र सहा महिने नीट बोलले नव्हते. तो रात्री मोबाइलवर लोकांनी बदलून घेतलेल्या गाड्या बघत बसायचा. कुणी बुलेटचं हँडल उंच केलेलं, कुणी मागचं चाक हातभर रुंद केलेलं. मुंबईत अक्षय वर्दे यांनी 'वर्देंची' नावाने अशा गाड्या बांधण्याचा व्यवसायच उभा केला, हे मला त्याच्याकडूनच कळलं.

त्याच आठवड्यात माझी अम्मी राहायला आली आणि सहज बोलून गेली, "तुझ्या अब्बांची गाडी भंगारवाला मागतोय. चार हजार आठशे देतो म्हणाला."

अब्बा मरहूम वेकोलिच्या सिल्लेवाडा खाणीत फिटर होते. सावनेरहून पाळीला जायला त्यांच्याकडे राजदूत १७५ होती. ज्यांनी ही गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते, गावोगावच्या दूधवाल्यांची गाडी ती हीच. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने पोलंडच्या एसएचएल एम-११ या गाडीचा परवाना घेऊन १९६० च्या दशकात ती बनवायला सुरुवात केली. इंजिन १७३ सीसी, टू-स्ट्रोक, गिअर तीन. १९७३ च्या 'बॉबी' चित्रपटात दिसली ती तिचीच धाकटी बहीण. अब्बांच्या गाडीला मात्र सिनेमाचं कसलंच वारं लागलं नव्हतं. मागच्या कॅरिअरवर डबा, पुढे टाकीवर मी. ते गेल्यावर दोन वर्षं ती मोठ्या भावाच्या घरामागे, पत्र्याखाली, शेळ्यांच्या शेजारी उभी होती.

मुलाने विचारलं, "मामूंकडून ती मागून आणू?"

मी म्हटलं, मागून नाही. विकत घेऊ.

यावर घरात थोडं हसू झालं, म्हणून खुलासा करते. अब्बांच्या मागे अम्मी, आम्ही दोघी बहिणी आणि दोन भाऊ. गाडी ही तरकाच, मग ती भंगाराच्या भावाची का असेना. ४,८०० रुपयांचा आठवा हिस्सा अम्मीचा, म्हणजे ६००. उरलेल्या ४,२०० चे सहा भाग, भावांना दोन-दोन, बहिणींना एक-एक. भावांचे प्रत्येकी १,४००, धाकट्या बहिणीचे ७०० आणि माझे ७००. माझे वगळून ४,१०० रुपये मी पाच पाकिटांऐवजी चार पाकिटांत घालून पोचवले. बहीण म्हणाली, "राहू दे गं, माफ केले." मी ऐकलं नाही. आपल्याकडे बहिणींना हिस्सा माफ करायची इतकी सवय लावलेली आहे की घराची, शेताची वेळ येते तेव्हा तोंडातून आपोआप तेच शब्द निघतात. सातशे रुपये हातात घ्यायची सवय आधी लागली तर बरं.

नोव्हेंबरात गाडी आमच्या अंगणात आली. छोट्या टेंपोतून, कारण दोन्ही टायर बसलेले होते.

सावनेरात असं काम करायचं तर हिवाळ्यातच. एप्रिलमध्ये पत्र्याखाली पाना हातात धरवत नाही आणि पावसाळ्यात आज घासलेला भाग उद्या तांबूस होतो. अब्बांबरोबर खाणीत काम केलेले एक चाचा निवृत्तीनंतर घरीच छोटं गॅरेज चालवतात. सत्तरीचे आहेत. मुलगा त्यांना उस्ताद म्हणू लागला, मग आम्ही सगळेच म्हणू लागलो. त्यांची अट एकच होती. "मी हात लावणार नाही. मी खुर्चीवर बसेन. हात याचे." वेळ ठरली मगरिब ते इशा, आणि रविवारी सकाळपासून जोहरपर्यंत.

पहिल्याच संध्याकाळी मी कामाला लागले, तेही माझ्याच शिस्तीमुळे. मुलगा बोल्ट काढून एका घमेल्यात टाकत होता. मी ओरडले. मग शाळेची दोनशे पानी वही आणली, आइसक्रीमचे रिकामे डबे आणले आणि प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवली. कुठला भाग आधी निघाला, त्याला किती वॉशर, कुठली बाजू वर, हे सगळं मी क्रमाने मराठीत लिहीत गेले. जोडताना हा क्रम उलटा लागतो. तेव्हा मी वही मागून उघडली आणि जोडणी उर्दूत लिहायला घेतली. उर्दू वही उजवीकडूनच उघडते, त्यामुळे एकाच वहीत दोन्ही कामं सरळ बसली. दोन भाषा शिकवण्याचा गॅरेजात उपयोग होईल असं बीएडला कुणी सांगितलं नव्हतं.

भाषेचं निघालंच आहे तर आणखी थोडं. उस्ताद, शागिर्द, पेचकस, शिकंजा, खराद हे शब्द मी उर्दूच्या तासाला फारसीतून आलेले म्हणून शिकवते. इथे ते सगळे ग्रीस लागलेले, रोजच्या वापरात होते. त्यांच्या शेजारी इंग्रजीतून आलेले पण आपल्या तोंडी वळण घेतलेले शब्द, शॉकअप, चेन-सॉकेट. आणि चाक डगमगतं ते सरळ करायला मराठीत म्हणतात, रिमचा आऊट काढणं.

गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्री डिझेल सोडून ठेवायचं. जबरदस्ती केली की बोल्टाचं डोकं गोल होतं आणि मग छिन्नीशिवाय इलाज राहत नाही. असे दोन बोल्ट आमच्या मुलाच्या घाईने गेले. त्यानंतर तो थांबायला शिकला, निदान बोल्टांच्या बाबतीत. इंजिन उघडलं तेव्हा कळलं की पिस्टनने सिलिंडरच्या भिंती झिजवल्या आहेत. बोट फिरवलं की वरच्या बाजूला बारीक पायरी लागायची. मुलगा सिलिंडर घेऊन बोअरिंगला निघाला तर उस्तादांनी थांबवलं. आधी पिस्टन, मग बोअर. बाजारात ज्या मापाचा मोठा पिस्टन मिळेल त्याच्या मापाने सिलिंडर कापतात, उलटं करून चालत नाही. त्या पिस्टनसाठी नागपुरात जुन्या पार्टांच्या दुकानांत तीन रविवार गेले.

टू-स्ट्रोक म्हणजे काय, हे मला या वयात कळलं. चार स्ट्रोकच्या गाडीत हवा आत घ्यायला आणि धूर बाहेर सोडायला झडपा असतात. हिच्यात झडपाच नाहीत. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या आहेत आणि पिस्टन वरखाली होताना त्याच त्या उघडतो आणि बंद करतो. खालच्या क्रँकला वेगळं ऑइल मिळत नाही, म्हणून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. उस्तादांचं माप लिटरला ४० मिली. त्याचाच तो निळा धूर आणि तो वास, जो मला अब्बांचा वास वाटायचा. जळलेल्या ऑइलचा कोळसा सायलेन्सरमध्ये आणि धुराच्या खिडकीत साचला होता. तो खरवडायला दोन संध्याकाळी लागल्या.

क्रँक हातात घेऊन मुलगा बराच वेळ फिरवत बसला होता. गोल फिरणं आणि वरखाली जाणं एकमेकांत कसं बदलतं ते बघत होता. मी त्याला अल-जझरींचं सांगितलं. दियारबकीरच्या दरबारात काम करणारे हे अभियंते. १२०६ मध्ये त्यांनी आपल्या यंत्रांचं पुस्तक पूर्ण केलं, आणि त्यातल्या पाणी उपसायच्या पंपात क्रँक आणि दांड्याची हीच युक्ती आहे. तो म्हणाला, "हे फिजिक्सच्या पुस्तकात का नाही?" बेअरिंगवरचे नंबर त्याने स्वतः शोधून काढले. ६२०४ लिहिलेलं असेल तर शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणायचं, आतलं भोक २० मिलिमीटर. जगात कुठेही गेलं तरी तेच. हे त्याने घरातल्या प्रत्येकाला सांगितलं, दूधवाल्यालाही.

त्याचे अकरावीचे गुण यामुळे वाढले असं मला म्हणता येणार नाही. चाचणीत तो कसाबसा पास झाला. पण चाकाचा आऊट काढायला बसला तेव्हा एका आऱ्याला पाव फेरा, समोरच्याला पाव फेरा, पुन्हा चाक फिरवून बघ, असं नऊ संध्याकाळी करत राहिला. ज्या मुलाला मी "तुझ्यात चिकाटी नाही" असं वर्षभर सुनावत होते तो हाच. ते वाक्य मी त्यानंतर वापरलेलं नाही.

हात धुण्यावरून एकदा वाद झाला. इशाच्या वेळी तो ग्रीसच्या हातांनीच वुजूला बसला. उस्तादांनी परत पाठवलं. थराखाली पाणी पोचत नाही, थर निघाला पाहिजे, डाग राहिला तर हरकत नाही. आधी थोडं डिझेल, मग लाकडाचा भुसा, मग साबण, आणि नखांत जुना टूथब्रश. त्यांचे स्वतःचे हात पन्नास वर्षांच्या कामाने काळे पडलेले आहेत. मुलगा त्या हातांकडे बघत होता. मी त्याला हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांची आठवण दिली, जे नबीही होते, बादशहाही होते आणि लोखंडाची चिलखतं बनवून स्वतःच्या हातची कमाई खात. खरं तर ती आठवण मला स्वतःला द्यायला हवी होती. "अभ्यास कर, नाहीतर गॅरेजात बसावं लागेल," हे आमच्या स्टाफरूममधलं नेहमीचं वाक्य आहे, आणि ते म्हणणाऱ्यांत मी होते. माझं बीएड एका फिटरच्या पगारावर झालं आहे.

आता जे झालं ते सांगते. डिसेंबरातल्या एका कडाक्याच्या रात्री मुलाने माझी शेगडी अंगणात नेली आणि तिच्यापासून चार हातांवर बसून कार्बोरेटर धुवायला घेतला. उस्ताद त्या दिवशी आले नव्हते. डिझेल संपलं होतं म्हणून त्याने वाटीत पेट्रोल घेतलं. पेट्रोलची वाफ दिसत नाही, हवेपेक्षा जड असते, जमिनीवरून सरकत जाते. भप्प असा आवाज झाला आणि मी बाहेर आले तेव्हा वाटी पेटलेली होती आणि तो मागे पडला होता. त्याच्या अब्बूंनी गोधडी टाकून आग विझवली. भुवया आणि कपाळावरचे केस जळले, उजव्या हाताला फोड आले. अल्लाहने डोळे वाचवले. अल्हम्दुलिल्लाह, यापेक्षा जास्त काही लिहवत नाही.

त्या रात्री मला फुलसावंगीचा शेख इस्माईल आठवला. यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातलं हे गाव. वेल्डिंगचं काम करणारा, आठवीपर्यंत शिकलेला चोवीस वर्षांचा मुलगा. गाव त्याला मुन्ना हेलिकॉप्टर म्हणायचं. मारुती ८०० चं इंजिन लावून त्याने घरच्या कारखान्यात दोनेक वर्षं खपून एका माणसाचं हेलिकॉप्टर बांधलं. ऑगस्ट २०२१ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या काही दिवस आधी, रात्री चाचणी घेताना मागच्या पंख्याचं पातं तुटलं, ते वरच्या मोठ्या पंख्यावर आदळलं आणि त्याचा मार मुन्नाच्या डोक्याला बसला. तो गेला. बातम्यांत त्याच्या हुनरचं कौतुक झालं, आणि काहींनी वेड्याचा खेळ म्हणून सोडून दिलं. मला दोन्ही पटत नाही. त्या मुलाच्या शेजारी खुर्ची टाकून बसणारा कुणी जाणकार नव्हता. फिरणाऱ्या पंख्यासमोर उभं राहू नकोस, आधी गाडी लोखंडी खुंटाला बांध, डोक्यावर हेल्मेट घाल, हे सांगायला गावात कुठलीही शाळा, कुठलीही संस्था त्याच्यापर्यंत पोचली नाही. आपल्या मोहल्ल्यांत असे हात घरटी सापडतील.

दहा दिवस काम बंद राहिलं. गाडी भंगारात द्यायचं माझ्या मनात पक्कं झालं होतं. उस्ताद आले, मुलाचा हात पाहिला, मग मला म्हणाले, "बेटा, आता तो घाबरलाय. घाबरलेला कारागीर चांगला असतो. आत्ताच बंद केलंस तर फक्त भीती राहील." काम पुन्हा सुरू झालं ते माझ्या अटींवर. शेगडी घरात. धुणं फक्त डिझेलने, तेही दिवसा. वाळूची बादली शेजारी. चप्पल नाही, बूट. ग्राइंडर लागलं तर चष्मा. उस्ताद नसतील त्या दिवशी फक्त घासकाम. हे सगळं वहीच्या पहिल्या पानावर दोन्ही भाषांत लिहून त्याच्याकडून सही घेतली.

आता गाडी "आपल्या मनासारखी" करायची वेळ आली आणि दुसरी लढाई सुरू झाली. त्याला मोकळा सायलेन्सर हवा होता, फट्‌फट् वाजणारा. शिवाय मागचं मडगार्ड कापायचं होतं आणि साडीगार्ड काढून टाकायचं होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असं सांगतं की कंपनीच्या मूळ नोंदीशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. रंग बदलला तर आरसीवर तशी नोंद करून घ्यायची. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या, म्हणजे यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावच्या, दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बांधली. आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं, पण ती नियमांत बसत नाही हेही सांगितलं, आणि जानेवारी २०२२ मध्ये तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली. आपल्याला बदल्यात कुणी काही देणार नाही, हे मी मुलाला स्पष्ट सांगितलं.

साडीगार्डबद्दल मी कायद्याच्याही आधी बोलले. मागे बसणाऱ्या बाईचा पदर, ओढणी, बुरख्याचं टोक चाकात किंवा चेनमध्ये अडकून होणारे अपघात आपल्या घरांना नवीन नाहीत. मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं असावं असा केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियमच आहे. मी म्हटलं, कापायचं नाही, उलट मोठं कर. बुरखा घालून नानी बसेल असं कर. त्याने आधी तोंड वाकडं केलं. मग जुन्या कूलरच्या जाळीवर कागदाचा साचा ठेवून तीन वेळा कापून पाहिलं, कडा आत वळवल्या, म्हणजे कापड अटकणार नाही. पाय ठेवायची पट्टी चार बोटं रुंद केली आणि धरायला मागे कडी पक्की केली. या गाडीत खरोखर "कस्टम" म्हणावं असं काय आहे विचाराल तर एवढंच. सीट शिंप्याने नवी शिवली, रंग बाटलीच्या काचेसारखा हिरवा. सायलेन्सर मूळचाच, साफ केलेला.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला पॉइंट सेट करायचे होते. उस्तादांनी सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद मागितला. त्यांनी आयुष्यात सिगारेट ओढलेली नाही, ही चिंधी ते फक्त यासाठी जपतात. कागद पॉइंटमध्ये धरून चाक हळूहळू फिरवायचं आणि कागद जिथे सुटेल तिथे ठिणगी पडणार. मुलाने बिस्मिल्लाह म्हणून किक मारली. काही नाही. विसाव्या किकेला दम लागला. उस्ताद खुर्चीवरून म्हणाले, "पेट्रोलचा कॉक?" तो बंद होता. त्यानंतर तिसऱ्या किकेला अंगण निळ्या धुराने भरलं आणि अम्मी आतून ओढणी सावरत धावत बाहेर आली. ती काही बोलली नाही. आवाज बंद होईपर्यंत दारात उभी राहिली आणि मग आत जाऊन नमाजला बसली, जोहरला अजून वेळ होता तरी.

रस्त्यावर चालवून बघायला उस्तादच गेले. अठरा पूर्ण होण्याआधी मुलाच्या हातात गाडी देणाऱ्या आईबापांना कलम १९९-अ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते ते वेगळं. कागदांत आमचीही चूक होती. मालक वारल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवून तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ भरायचा असतो. आम्ही दोन वर्षं बसून होतो. अब्बांनी स्वतः नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर वेळेवर भरलेला, उशीर आम्हा शिकलेल्यांचा. आता वारसांची संमतीपत्रं जोडून नागपूर ग्रामीणच्या आरटीओत अर्ज दिला आहे, गाडी माझ्या नावावर होईल. वाचकांपैकी कुणाच्या घरी अशी गाडी उभी असेल तर कपाटातलं आरसी बुक आधी काढून बघा.

खर्चाची बेरीज वहीच्या मधल्या पानावर आहे. बोअर, पिस्टन, टायर-ट्यूब, बेअरिंगं, वायरिंग, सीट, रंग मिळून एकवीस हजार सहाशे, अधिक गाडीचे ४,१००. उस्तादांनी मजुरी घेतली नाही. मुलगा आता दर रविवारी त्यांच्या गॅरेजात जातो. बारावीनंतर काय, हे ठरलेलं नाही. आयटीआयचा फॉर्म तो बघतोय, आणि मी अडवलेलं नाही.

रमजानच्या आधी अम्मीला एकदा मागे बसवून बाजारापर्यंत न्यायचं होतं, ते राहिलं. लर्निंगवर मागे कुणाला बसवता येत नाही, पक्कं लायसन्स अजून यायचं आहे, आणि गिअरच्या दांडीपाशी थेंब-थेंब ऑइल गळतंय. सील नागपूरहून आणावं लागेल.